जुन्या बुलेटची थरथर आणि हेलकावा: क्रँक उघडण्यापूर्वी काय तपासावे

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचा आशय मी समजलो तो असा. वडिलांची 1996 सालची, लोखंडी सिलिंडरची बुलेट 350 तुमच्याकडे आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ती सांगलीतल्या घराच्या तळमजल्यावर पाण्यात होती. पाणी उतरल्यावर इंजिन धुऊन, ऑइल बदलून चालू करून घेतली, पण त्यानंतर ती बहुतेक काळ उभीच राहिली. आता मिरजेला ये-जा करण्यासाठी बाहेर काढली, तर 55 च्या वेगाच्या आसपास, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडल्यावर, हँडल डावी-उजवीकडे हलू लागते. 65 च्या पुढे हातापायांना मुंग्या येतात आणि आरशात काही दिसत नाही. लांब वळणावर मागचा भाग हेलकावे खातो. एका मिस्त्रींनी क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा इंजिनाच्या पोटातला दांडा, उघडायला सांगितला आहे, दुसऱ्यांनी दोन्ही टायर बदलायला सांगितले आहेत, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे असा तुमचा प्रश्न आहे.

माझे मत असे की सध्या दोघांचेही ऐकू नये. दोघांपैकी एकाचे निदान पुढे खरे ठरण्याची शक्यता आहे, परंतु तुम्ही सांगितलेली लक्षणे एका दोषाची नाहीत. ती निदान दोन, बहुधा तीन निरनिराळ्या दोषांची आहेत आणि तुम्ही त्या सर्वांना मिळून ‘व्हायब्रेशन’ म्हणत आहात. गॅरेजमध्ये गाडी आणणारे बहुतेक लोक असेच सांगतात, आणि सांगितलेल्या एका शब्दावरून मिस्त्री आपापल्या सवयीप्रमाणे अर्थ काढतात: इंजिनाचे काम करणारा इंजिनाकडे बघतो, टायर विकणारा टायरकडे. म्हणून पहिले काम तक्रारी वेगळ्या करण्याचे आहे, आणि त्यासाठी पाना हातात घेण्याची गरज नाही.

गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही गोष्टी सांगता येत नाहीत, हे आधीच मान्य करतो. पुराचे पाणी कुठवर चढले होते, त्यानंतर चाके आणि हँडल उघडले होते की फक्त इंजिन पाहिले, गाडी कधी समोरून आदळली आहे का, इंजिनाला पूर्वी पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड बदलून झाला आहे का, यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. वडिलांना यांतले जे आठवत असेल ते विचारून कागदावर लिहून ठेवा.

आता थोडे गणित, कारण या प्रकारच्या निदानात मला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला आहे. तुमच्या गाडीला दोन्ही बाजूंना 19 इंची रिम आणि 3.25 रुंदीचा टायर असेल, तर चाकाचा घेर अंदाजे दोन मीटर भरतो. टायरवर खडूची खूण करून, गाडी ढकलत एक फेरा पूर्ण करून टेपने मोजले तर तुम्हाला नेमका आकडा मिळेल. ताशी 55 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वापंधरा मीटर, म्हणजेच चाक सेकंदाला सात ते आठ फेरे घेते. टॉप गिअरमध्ये इंजिन मात्र चाकाच्या साधारण पाच ते साडेपाच पट वेगाने फिरत असते, म्हणजे त्याच वेळी सेकंदाला चाळीसच्या आसपास. सेकंदाला सात-आठ वेळा होणारी हालचाल डोळ्यांना दिसते आणि हँडलवर ‘हलणे’ म्हणून जाणवते. सेकंदाला चाळीस वेळा होणारी हालचाल डोळ्यांना दिसत नाही; ती मुंग्या म्हणून जाणवते आणि आरसा धूसर करते. आणि लांब वळणावरचा जो हेलकावा तुम्ही सांगता तो या दोन्हींपेक्षा मंद, सेकंदाला दोन-तीन वेळा येणारा असतो; तो चाकाच्या फेऱ्यांशी जोडलेला नसून पुढचा आणि मागचा सांगाडा एकमेकांशी किती घट्ट जोडला आहे यावर ठरतो. तेव्हा तुमच्या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या लयींच्या आहेत.

पुढील चाचण्या पहाटे, रहदारी नसताना, सरळ आणि कोरड्या रस्त्यावर, हेल्मेट घालून आणि एकट्याने बसून कराव्यात. हँडल दोन्ही हातांत राहू द्यावे. हात सोडून बघण्याचा सल्ला अनेक जण देतात. ज्या गाडीचा दोष अजून माहीत नाही तिच्यावर तो प्रयोग मी कोणाला सुचवणार नाही, कारण हँडलचे हलणे एकदा वाढू लागले की ते सावरायला वेळ मिळेलच असे नाही. जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरचा काटाही स्वतःच थरथरत असतो, म्हणून शक्य असल्यास मित्राला चांगल्या गाडीवर शेजारून चालायला सांगून खरा वेग पडताळून घ्या.

पहिली चाचणी मुंग्यांची. 65 च्या आसपास मुंग्या सुरू झाल्या की क्लच पूर्ण दाबा, ॲक्सिलरेटर सोडा आणि इंजिन मंद होऊ द्या; गाडी त्याच वेगाने वाहत राहील. मुंग्या त्या क्षणी गेल्या तर कारण इंजिनात किंवा इंजिन धरून ठेवणाऱ्या भागांत आहे. मुंग्या तशाच राहून गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरल्या, तर कारण चाकांकडे आहे. दुसरी चाचणी तिची खातरजमा करण्यासाठी: 50 चा वेग आधी टॉपमध्ये आणि मग तिसऱ्यात ठेवून बघा. वेग तोच, इंजिनाचे फेरे अधिक. त्रास गिअरबरोबर बदलला तर तो इंजिनाचा, बदलला नाही तर चाकाचा. तिसरी चाचणी हँडलसाठी: 65 वरून ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप 40 पर्यंत उतरू द्या आणि हलणे कोणत्या वेगाला सुरू होऊन कोणत्या वेगाला थांबते ते लक्षात ठेवा. मग तोच उतार पुढचा ब्रेक अगदी हलका दाबून पुन्हा करा. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर पुढचा ड्रम अंडाकृती झाला असण्याचा किंवा ब्रेकच्या पाटीत ढिलाई असण्याचा संशय घ्यावा, आणि तो तुलनेने साधा प्रश्न आहे.

या चाचण्यांच्या आधी दोन गोष्टी ठीक करून घ्याव्यात, नाहीतर चाचण्यांना अर्थ राहत नाही. एक म्हणजे टायरमधील हवा. पंपावरचा मुलगा प्रत्येक मोटरसायकलला पुढे 30 आणि मागे 35 पौंड भरून मोकळा होतो. या गाडीला एकट्याने चालवताना पुढे 18 ते 20 आणि मागे 28 ते 30 पौंड पुरते. पुढे 30 पौंड असले तर दगडासारखा झालेला टायर रस्त्याचा प्रत्येक कण हँडलपर्यंत पोहोचवतो, आणि मागे 20 असले तर वळणावर हेलकावा येणारच. दुसरी गोष्ट रस्ता. आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे डांबर दिसायला चांगले असले तरी खाली लांब लाटा तयार झालेल्या असतात. त्यातच गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या असतात. अशा चाकोरीत पुढचा टायर, विशेषतः लांबट रेघांच्या नक्षीचा, आपोआप वाट धरतो आणि गाडी तिरकी चालते असा भास होतो. म्हणून तीच चाचणी निदान दोन वेगळ्या रस्त्यांवर करावी आणि दोन्हीकडे जे दिसेल तेच खरे मानावे.

आता पुराबद्दल. त्या वर्षी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी ओलांडून पाणी 57 फुटांच्या वर गेले होते आणि शहरातील असंख्य दुचाक्या बुडाल्या होत्या. त्यानंतर गॅरेजमध्ये आलेल्या गाड्यांचा माझा अनुभव असा की लोकांनी इंजिनाची काळजी घेतली आणि बाकी गाडी विसरले. इंजिन बंद असते, त्यात ऑइल असते, त्यामुळे ते तुलनेने बचावते. खरे नुकसान उघड्या बेअरिंगचे होते. पुराचे पाणी नुसते पाणी नसते. त्यात बारीक गाळ असतो, तो ग्रीसमध्ये मिसळतो आणि पाणी सुकल्यावरही तिथेच राहतो. गाडी वापरात राहिली तर बेअरिंगमधल्या गोळ्या निदान फिरत राहतात. उभी राहिली तर प्रत्येक गोळी ज्या जागी टेकलेली असते त्याच जागी गंज धरते आणि वाटीत खड्डे पाडते. तुमची गाडी पुरानंतर उभी राहिली, ही माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे, आणि तिच्यावरूनच माझा पहिला संशय हँडलच्या कोनसेटवर, म्हणजे हँडल ज्या वाट्या-गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरते त्या संचावर आहे.

कोनसेट तपासण्याची पद्धत अशी. गाडी डबल स्टँडवर घ्या. पुढचे चाक उचलण्यासाठी इंजिनाच्या पुढच्या भागाखाली लाकडी फळी ठेवून तिच्याखाली जॅक लावा. फळीशिवाय जॅक लावू नका आणि ऑइलच्या बोल्टवर भार येऊ देऊ नका. चाक अधांतरी झाल्यावर समोर बसून पुढचे चाक धरणाऱ्या दोन्ही फोर्कची खालची टोके धरा आणि स्वतःकडे ओढून पुन्हा मागे ढकला. कोनसेट ढिला असेल तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि हँडलच्या मुळाशी बोट ठेवल्यास हालचाल जाणवते. ही हालचाल फोर्कच्या आतल्या झिजलेल्या बुशचीही असू शकते, म्हणून बोट नेमके वरच्या आणि खालच्या वाटीपाशी ठेवूनच निष्कर्ष काढावा. त्यानंतर हँडल अगदी सावकाश, दोन बोटांनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सरळ स्थितीत येताच ते एखाद्या खाचेत बसल्यासारखे थबकले, तर वाट्यांना खड्डे पडले आहेत. अशा वाट्या कितीही आवळल्या तरी दुरुस्त होत नाहीत. सैल ठेवल्या तर वेग उतरताना हँडल हलते; आवळल्या तर खाच आणखी घट्ट पकडते आणि कमी वेगात गाडी नशा केल्यासारखी डावी-उजवीकडे जात राहते, कारण स्वार सतत खाचेतून हँडल बाहेर काढून पुन्हा तिच्यात पाडत असतो.

हलणे नेमके 55 च्या आसपासच का होते, याचेही उत्तर इथेच आहे. पुढचे चाक, फोर्क आणि हँडल यांचा मिळून जो संच आहे, त्याची आपली अशी एक लय असते आणि ती सामान्यतः सेकंदाला सहा ते दहा वेळा हलण्याची असते. या वेगाला चाकाचे फेरेही त्याच लयीत येतात. चाकात थोडासा जरी दोष असला, एखादी बाजू जड असली किंवा रिम वाकडी असली, तरी प्रत्येक फेऱ्याला त्या लयीला एक धक्का मिळतो आणि हालचाल वाढत जाते. कोनसेट चांगला असेल आणि हात हँडलवर असतील तर ती दबून जाते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून ती त्या वेळी अधिक दिसते. यावरून हेही समजून घ्यावे की हँडल हलण्याला बहुधा दोन कारणे एकत्र लागतात, एक धक्का देणारे आणि दुसरे तो धक्का न जिरवणारे. नवीन टायर टाकल्यावर काही महिने त्रास जातो आणि पुन्हा येतो, त्याचे कारण हेच. धक्का कमी झाला, पण ढिलाई तशीच राहिली.

कोनसेट बदलायचा तर वरच्या आणि खालच्या वाट्या, कोन आणि गोळ्या असा संपूर्ण संच बदलावा. जुन्या वाटीत नव्या गोळ्या टाकून पैसे वाचवणे म्हणजे तेच काम पुन्हा करण्याची तयारी. बाजारात या गाडीला बसणारे टेपर रोलर बेअरिंगही मिळतात. ते चांगले चालतात, पण त्यांची बैठक तिरकी झाली किंवा ते गरजेपेक्षा जास्त आवळले तर गाडी सरळ चालवणेच अवघड होते. बसवणाऱ्याचा हात माहीत नसेल तर मी गोळ्यांचाच संच सुचवीन. बसवल्यानंतरची कसोटी अशी की चाक अधांतरी असताना हँडल मध्यापासून बोटाने हलकेच ढकलले की ते स्वतःच्या वजनाने बाजूला गेले पाहिजे, आणि तरीही फोर्क ओढल्यावर ‘टक्’ येता कामा नये. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर वाट्या बसतात आणि किंचित ढिलाई येते, तेव्हा पुन्हा एकदा आवळून घ्यावे. हे दुसऱ्यांदा आवळणे बहुतेक ठिकाणी राहून जाते.

वळणावरच्या हेलकाव्यासाठी मागचा चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा आणि त्याच्याबरोबर वर-खाली होणारा भाग, पाहावा लागेल. डबल स्टँडवर मागचे चाक वरच असते. चाकाला मागून धरून डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या माणसाला चिमटा जिथे चॅसीला जोडला आहे तिथे अंगठा ठेवायला सांगा. हालचाल अंगठ्याखाली जाणवली तर चिमट्याचे बुश गेले. अंगठ्याखाली काही नाही पण चाक चिमट्याच्या मध्ये हलते आहे, तर चाकाचे बेअरिंग गेले. दोन्ही शॉकॉब्सरचे खालचे बोल्ट काढून ही तपासणी केली तर फसवणूक होत नाही, कारण बसवलेले शॉकॉब्सर चिमट्याला धरून ठेवतात आणि बरीच ढिलाई लपवतात. शॉकॉब्सर काढलेच आहेत तर ते हाताने दाबूनही पाहा. एक लगेच उसळतो आणि दुसरा सावकाश येतो असे असेल, तर दोन्ही एकदम बदलावेत. एकच नवीन टाकला की वळणावर चिमटा एका बाजूला पिळतो. पुरात बुडालेल्या गाड्यांत चिमट्याचा आसच बुशमध्ये गंजून अडकलेला मी पाहिला आहे. अशा वेळी ढिलाई दिसत नाही, उलट चिमटा ताठ होतो आणि खड्ड्यात मागचे चाक उडते. तोही दोषच समजावा.

चाकांबद्दल थोडक्यात सांगतो. प्रत्येक स्पोकवर स्क्रू ड्रायव्हरने टिचकी मारा. घट्ट स्पोक खणखणतो, सैल स्पोक बद्द वाजतो. फोर्कला एक पेन्सिल बांधून तिचे टोक रिमजवळ आणा आणि चाक फिरवा. रिम बाजूला किंवा वर-खाली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल तर आऊट, म्हणजे तिचा वाकडेपणा, काढून घ्यावा. पुरात राहिलेल्या रिममध्ये स्पोकच्या निपल गंजून अडकतात आणि आऊट काढताना स्पोक तुटतात, त्यामुळे कारागिराने ‘नवीन स्पोक टाकावे लागतील’ असे सांगितले तर त्याच्यावर लगेच संशय घेऊ नये. टायर रिमवर नीट बसला आहे का, हे त्याच्या कडेला रिमलगत असलेल्या बारीक रेषेवरून कळते. ती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते, तिचे पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात; 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. तुमचे टायर पुराच्या आधीचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते बदलावेत, आणि या एका मुद्द्यापुरते दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे योग्य आहे. चाकांच्या बेअरिंगसाठी चाक फिरवून एक हात शॉकॉब्सरच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खरखरीत असेल तर ती खरखर स्प्रिंगमधून हाताला कळते. बुडालेल्या गाडीची चारही बेअरिंग तपासणी न करता बदलली तरी माझी हरकत नाही, इतकी ती स्वस्त आहेत.

चाके एका रेषेत आहेत का, हे चेन ॲडजस्टरच्या खाचा मोजून ठरवू नये, कारण इतक्या वर्षांत चिमटा किंचित वाकलेला असू शकतो. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून दोन सरळ पट्ट्या उसन्या आणाव्यात, त्या मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून पुढच्या टायरपर्यंत न्याव्यात आणि तिथे दोन्हीकडची फट सारखी येईपर्यंत मागचे चाक जुळवावे. चेनची ढिलाई चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावी. एका जागी इंचभर आणि दुसऱ्या जागी अगदी ताठ, असे असेल तर चेन किंवा स्प्रॉकेट झिजले आहे, आणि ताठ जागेवर जुळवलेल्या सैल चेनचा हिसका तुम्हाला पायांत जाणवत असणार.

आता मुंग्यांकडे वळतो. इथे या गाडीच्या बांधणीतली एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. अनेक मोटरसायकलींत चॅसीचे नळ इंजिनाच्या खालून जातात आणि इंजिन त्या पाळण्यात ठेवलेले असते. तुमच्या गाडीत तसे नाही. पुढचा नळ इंजिनाच्या पुढे येऊन थांबतो, पुढच्या पाट्यांनी इंजिनाला धरतो आणि इंजिनाच्या मागून पुन्हा पाट्यांनी चॅसी सुरू होते. म्हणजे इंजिन हाच चॅसीचा एक भाग आहे. त्यामुळे इंजिन चॅसीला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट ढिले झाले की दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात: इंजिनाची थरथर मोकळी सुटते, आणि पुढची चॅसी मागच्या चॅसीशी घट्ट राहत नसल्याने वळणावर हेलकावाही येतो. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन अशा एकाच ठिकाणी भेटू शकतात, आणि म्हणून क्रँकबद्दल बोलण्याआधी हे बोल्ट पाहणे मी सक्तीचे मानतो.

तासगावकडच्या एका शिक्षकांची अशीच बुलेट माझ्याकडे आली होती. तिचा क्रँक दुसरीकडे दोनदा प्रेस करून, म्हणजे सुटा करून पुन्हा दाबून जोडून, झाला होता आणि थरथर जशीच्या तशी होती. पुढच्या पाटीचा एक स्टड आतून तुटलेला होता. दोन्ही टोकांचे नट गंजाने जागच्या जागी असल्यामुळे बाहेरून सर्व ठीक दिसत होते. पाना लावल्यावर नट फिरला आणि त्याच्याबरोबर अर्धा स्टड बाहेर आला. नवीन स्टड, नवीन वायसर, आणि गाडी नीट झाली. त्या क्रँकला मुळात काही झाले होते की नाही हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून प्रत्येक बोल्ट नुसता दाबून न पाहता सोडवून, बाहेर काढून पाहावा. मधोमध झिजून कंबर पडलेला, आटे गेलेले किंवा गंजाने खाल्लेले बोल्ट बदलावेत आणि पाट्यांची भोके लांबट झाली असतील तर लेथवाल्याकडून भरून पुन्हा पाडून घ्यावीत. बसवताना सर्व बोल्ट आधी हाताने लावावेत, इंजिन आपल्या जागी बसू द्यावे आणि मगच पुढून मागे असे क्रमाने आवळावेत. एकेक बोल्ट लावत पूर्ण आवळत गेल्यास शेवटचा बोल्ट ओढूनताणून बसवावा लागतो, चॅसीत ताण राहतो आणि थरथर वाढते. हेडला चॅसीशी जोडणारी वरची पट्टीही याच वेळी, पण सर्वांत शेवटी आवळावी.

बोल्ट घट्ट होऊनही मुंग्या राहिल्या, आणि क्लचच्या चाचणीने दोष इंजिनाकडेच दाखवला, तर आधी टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासावे. तुमच्या गाडीला ठिणगी पाडणारे उघडझाप होणारे पॉइंट असतील. त्यांची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावी. पॉइंटच्या खाली टाइमिंग आपोआप पुढे-मागे करणारी वजने आणि स्प्रिंग असतात. पुराच्या पाण्याने ती गंजून पुढच्या स्थितीत अडकली असतील, तर इंजिन प्रत्येक वेळी वेळेआधी पेट घेते, किक उलटी मारते आणि चालताना कडक वाटते. ही वजने हाताने फिरवून सोडल्यावर स्प्रिंगने पटकन परत आली पाहिजेत. कार्बोरेटरमध्ये गाळ अडकून पेट्रोल कमी येत असेल तरी असाच कडकपणा येतो.

एवढे करूनही जी थरथर उरेल तिच्यातली काही तुम्हाला स्वीकारावी लागेल. 70 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 90 मिलिमीटर खाली-वर जातो आणि त्याला तोलणारा वेगळा बॅलन्सर या इंजिनात नाही. क्रँकच्या वजनाने पिस्टनचा वर-खालचा धक्का पूर्ण तोलायचा म्हटले तर तोच धक्का पुढे-मागे होऊ लागतो, म्हणून बनवणारे तो सुमारे अर्धाच तोलतात आणि उरलेला स्वाराच्या वाट्याला येतो. 50 ते 60 ला गाडी शांत आणि 75 नंतर मुंग्या, हे या इंजिनाचे नैसर्गिक वागणे आहे. 65 ला आरसा दिसेनासा होणे मात्र नैसर्गिक नाही.

क्रँक उघडण्याचे समर्थन करणारी लक्षणे वेगळी आहेत. इंजिन स्टँडवर न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू रेस केल्यावर गाडी स्टँडसह सरकू लागणे, खालून जड ठोका ऐकू येणे, किंवा त्रास नेमका पूर्वीच्या इंजिन-कामानंतर सुरू झाला असणे, यांपैकी काही असेल तर पहिल्या मिस्त्रींचे म्हणणे विचारात घ्यावे. क्रँक प्रेस करणाऱ्याला एवढेच विचारावे की डायल गेज लावून दोन्ही बाजूंची आऊट किती आली. मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे 0.05, ही मी मर्यादा मानतो. गेज नाही, हातानेच कळते, असे उत्तर आले तर तिथे क्रँक देऊ नये.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: हवा आणि रस्त्यावरच्या चाचण्या, मग फाउंडेशन बोल्ट, मग कोनसेट आणि चाकांची बेअरिंग एकत्र, मग चिमटा, स्पोक व टायर, शेवटी टाइमिंग. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच रस्त्यावर तीच चाचणी करून काय बदलले ते वहीत लिहावे. सगळे एकदम बदलले तर गाडी कदाचित नीट होईल, पण दोष कशाने गेला हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. हँडलच्या टोकांना जड वजने लावणे किंवा जाड ग्रिप बसवणे यांसारखे उपाय यानंतरच करावेत; आधी केले तर ते लक्षण झाकतात.

कोनसेट उघडून पाहीपर्यंत, वर सांगितलेल्या चाचण्या सोडल्यास, गाडी 45 च्या वर नेऊ नका आणि मागे कोणाला बसवू नका. वेग उतरताना हँडल हलायला लागलेच तर त्याला जोराने आवळून धरू नका, एकदम पुढचा ब्रेक दाबू नका; अंग थोडे पुढे झुकवा, गुडघ्यांनी टाकी धरा आणि मागच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी करा.